मंडळीचं उत्तर

बाप्तिस्म्याचं पात्र पालथं घातलेलं होतं.

आमच्या बोरदऱ्याच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला एक बुटका दगडी खांब आहे, त्याच्यावर ते पितळी पात्र बसवलेलं असतं. ज्या रविवारी कुणाच्या लेकराचा बाप्तिस्मा असेल त्या सकाळी मार्थाबाई अमोलिक लवकर येऊन ते चिंचेनं घासायच्या, आवारातल्या आडाचं पाणी शेंदायच्या आणि पात्र भरून ठेवायच्या. तरुणपणी त्या गावोगाव फिरून बायबल सांगणाऱ्या बायबलबाई होत्या, तेव्हापासूनचं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं. लेकरू श्रीमंताचं असो, गरिबाचं असो, पात्र भरलेलं असायचं. त्या दिवशी माझ्या कडेवर माझी लेक स्तुती होती, नुकती कुठे मान धरायला लागलेली, आणि पात्र पालथं होतं. घासलेलं मात्र लख्ख होतं. म्हणजे बाई विसरल्या नव्हत्या. मुद्दाम येऊन, घासून, पालथं घालून गेल्या होत्या आणि आता पहिल्या बाकावर पाठ ताठ करून बसल्या होत्या.

दयानंद, माझा नवरा, माझ्या कानाशी म्हणाला की आपण घरी जाऊ, हे काही आज धड होत नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये दिवसभर हातोडा चालवणारा हा माणूस, पण चार लोकांसमोर त्याचा आवाज निघत नसे. मी स्तुतीला त्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि लग्नातल्या रेशमी साडीनिशी आडावर जाऊन पोहरा सोडला. परत आले तेव्हा साडीचा काठ भिजलेला होता आणि सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. पात्र सुलटं करून मी पाणी ओतलं. पितळेत पाणी पडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असणार. मार्थाबाईंनी मान हलवली नाही.

हे वैर कशाचं, ते सांगते.

गावात मिशनचं मुलांचं वसतिगृह होतं आणि मार्थाबाईंचा एकुलता एक मुलगा प्रभाकर तिथला वॉर्डन. मी शेजारच्या दवाखान्यात नर्स. एका दुपारी वसतिगृहातल्या एका पोराला तापात उचलून आणलं. झाडावरून पडला, असं प्रभाकरनं सांगितलं. मी पोराचा सदरा वर केला. वेताच्या छडीचे वळ मानेपासून कमरेपर्यंत, काही जुने, काही ताजे, एकावर एक. झाडावरून पडलेल्या पोराला असे वळ उठत नाहीत. त्या पोराचा एक कान पुन्हा कधीच ऐकू लागला नाही. मी जे बघितलं ते पोलिसांना सांगितलं, आणि पुढे कोर्टात उभं राहून सांगितलं.

त्याआधी मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचे, पंच दवाखान्यात येऊन गेले होते. चिटणीस शमुवेलराव पुढे. घरातली गोष्ट घरात ठेवावी, बाहेरचे लोक आपल्याला हसतील, मिशनचं नाव खराब होईल, असं त्यांनी मला गोड शब्दांत समजावलं. मी म्हटलं, पाठ त्या पोराची आहे, घराची नाही. मग त्यांचे शब्द गोड राहिले नाहीत.

प्रभाकर तुरुंगात गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मार्थाबाईंनी मला अडवलं होतं. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "खोटारडे, माझ्या लेकानं मुंगी मारली नाय कधी. तुझ्या जिभेला किडे पडतील."  खरं सांगायचं तर माझ्याही तोंडात पुष्कळ आलं होतं, पण वकील दंड धरून ओढत होता.

त्या दिवसापासून मंडळीनं आम्हाला वाळीत टाकलं. तसं कुणी उघड म्हटलं नाही, आम्ही शिकली-सवरलेली माणसं. फक्त मी ज्या बाकावर बसायची तो बाक मोकळा राहू लागला. नाताळात आमच्याकडून गेलेली फराळाची ताटं झाकण न उघडता परत आली. दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला मात्र सगळे यायचे, आणि बाही वर करताना भिंतीकडे बघायचे. दयानंद म्हणायचा, विसरतील. तो बिचारा माणसांना इंजिनासारखं समजायचा, तेल घातलं की चालतील.

स्तुती झाली आणि बाप्तिस्म्याचं ठरलं तेव्हा दयानंदचं म्हणणं होतं की शहरातल्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये गुपचूप उरकून येऊ. तिथं आपल्याला कोण ओळखतं. मी ठाम नाही म्हटलं. पोरगी याच गावात वाढणार, याच रस्त्यानं शाळेत जाणार, याच लोकांच्या पोरांबरोबर खेळणार. तिला यांनीच घ्यायला हवं होतं. माझ्याशी काय करायचं ते करा, पण तिला तुमच्यात घ्या, एवढंच मला हवं होतं. आणि माझा हट्ट होता, तोही सांगून टाकते. त्यांच्या नाकावर टिच्चून तिला त्या दगडी खांबाशी न्यायची होती.

चर्चचे नवे धर्मगुरू, आमचे पाळक, हिवाळेसाहेब बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. उंच, हाडकुळे, हसायला महाग. रीतीप्रमाणे बाप्तिस्म्याआधी ते घरी आले. चहा बाजूला सारून त्यांनी मला विचारलं, मुलीचा बाप्तिस्मा कशासाठी हवा. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, हे बारसं नाही. नाव तुम्ही आधीच ठेवलंय. त्या पाण्यानंतर मूल एकट्या आईबापाचं राहत नाही. तिला तुमच्या कडेवरून घेऊन मी मंडळीच्या ओटीत घालणार आहे. चालेल?"

"त्या मंडळीच्या?" मी म्हटलं. "ज्यांनी माझी ताटं परत पाठवली?"

"माझ्याकडे दुसरी मंडळी नाही," ते म्हणाले आणि थंड झालेला चहा पिऊन गेले.

मला तेव्हा त्यांचा रागच आला. पुस्तकी माणूस, असं मी दयानंदला म्हटलं.

आमच्याकडच्या उपासनेत बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक आधी आईबापांना प्रश्न विचारतात, मग मंडळीकडे वळून एक प्रश्न विचारतात. या बालकाला प्रभूच्या वाटेनं वाढवायला तुम्ही साहाय्य कराल काय? सगळ्यांनी उभं राहायचं आणि होय म्हणायचं. आजवर ते उत्तर कुणी मनावर घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. जांभई देत उठायचं, पुटपुटायचं, बसायचं, पुढे खाऊ काय मिळणार याचा विचार करायचा. पण त्या आठवड्यात मार्थाबाई घरोघर फिरल्या होत्या. सुलभाच्या, म्हणजे माझ्या, पोरीच्या वेळेला कुणी उठायचं नाय, तोंडातून शब्द काढायचा नाय, असं त्यांनी प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं होतं. हे मला दवाखान्यातल्या आयानं आदल्या दिवशीच सांगितलं. मी म्हटलं, नका उठू. पाणी तर पाळक घालणार आहेत.

सगळ्यांचा हिशेब हाच होता, माझाही.

आम्ही खांबाजवळ उभे राहिलो. आमचे प्रश्न झाले, आम्ही उत्तरं दिली, दयानंदचं मला शेजारी असून ऐकू आलं नाही. मग हिवाळेसाहेब मंडळीकडे वळले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. कुणी उठलं नाही. वरचा पंखा कुरकुरत होता. एक म्हातारा सवयीनं अर्धा उठला होता, त्याला त्याच्या सुनेनं कोटाला धरून खाली बसवलं. हिवाळेसाहेब थोडे थांबले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. पुन्हा शांतता. मी समोरच्या एकेका तोंडाकडे बघत होते. यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं मी केली होती. त्या आपल्या चपलांकडे बघत होत्या.

हिवाळेसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"मंडळीचं उत्तर नाही," ते म्हणाले. "मग मी पाणी घालू शकत नाही. या मुलीला तुम्ही नाकारलंत असं मी समजतो."

बाकांवर चुळबुळ झाली. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं आपण गप्प बसू, पाळक पुढचं वाचतील, पोरीला पाणी मिळेल आणि आईला चपराक. शमुवेलराव उठून पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले की साहेब, ही आपली एक रीत आहे, तुम्ही पुढचं उरकून घ्या. हिवाळेसाहेब त्यांच्याकडे बघून म्हणाले, "उरकायला ही पंगत नाही शमुवेलराव. ज्या घरात तिला कुणी घ्यायला तयार नाही त्या घरात मी तिला ढकलणार नाही." शमुवेलराव जागेवर जाऊन बसले, पण होय काही म्हणाले नाहीत. आता होय म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर माघार घेणं होतं, आणि आमच्या गावात माघार घेण्यापेक्षा माणसं उपाशी मरतील.

माझं डोकं फिरलं. पाळकांवर, मंडळीवर, शेजारी उभ्या दयानंदवर, सगळ्यांवर एकदम. मी स्तुतीला घट्ट धरलं आणि पायरी उतरले. पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही, आणि यांच्यातला कुणी दवाखान्यात आला तर त्यालाही पायरीवरून परत पाठवायचं, असं मनाशी म्हणत होते. मधल्या वाटेनं अर्ध्यात आले असेन.

"थांब," मागून आवाज आला.

मार्थाबाई उभ्या होत्या. एका हातानं बाक धरलेला, मान लटलटत होती. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, पाळकांकडे बघत होत्या.

"पुस्तक उघडा पाळकसाहेब. मी देते उत्तर. होय. प्रभूच्या साहाय्यानं करीन."

मग माझ्याकडे वळल्या. त्या डोळ्यांत दयामाया काही नव्हती, कोर्टाच्या पायरीवर होता तोच जाळ होता. "तुझ्या तोंडाकडं बघून उठले नाय. तुझं तोंड मला मरस्तोवर बघायचं नाय. पण लेकराला आडवं या असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकरानं काय घोडं मारलंय? जा, ने तिला परत."

शमुवेलरावांना यातही कायदा दिसला. एकटीचं उत्तर मंडळीचं कसं धरायचं, असं त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. हिवाळेसाहेबांनी पुस्तक उघडलं होतं. वर न बघता म्हणाले, "किती माणसं झाली म्हणजे मंडळी होते, हे ठरवणारा मी नाही. एकानं हात पुढे केला की लेकराला घ्यायला जागा होते."

मी परत गेले. का गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. त्या बाईचे उपकार नको होते, पण पोरीला तिथून न्यायचंही नव्हतं. हिवाळेसाहेबांनी स्तुतीला माझ्याकडून घेतलं, एका हातानं तिच्या माथ्यावर तीनदा पाणी घातलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेतली. ती रडली नाही. शिंकली, आणि त्यांच्या चष्म्याला हात घातला. मंडळीतलं कुणी हसलं नाही.

बाहेर चिंचेखाली मी चपला घालत असताना मार्थाबाई जवळून गेल्या. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाल्या, स्वतःशीच म्हटल्यासारखं. मला वाटलं, म्हातारीचा तोरा. घरी जाऊन विसरेल.

विसरल्या नाहीत. स्तुती चालायला लागली आणि एका रविवारी सकाळी आमच्या फाटकावर काठी वाजली. बाहेर मार्थाबाई. मला ओलांडून आत बघत त्यांनी हाक मारली, "स्तुती, चल गं, शाब्बाथशाळेची वेळ झाली." मी दयानंदला म्हटलं, हाकलून दे त्यांना. त्यानं स्तुतीच्या पायात बूट चढवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ठणकावलं. "एवढ्या चर्चमधून ती एकटी उठली होती, सुलभा." आणि पोरीचं बोट त्यानं म्हातारीच्या हातात दिलं.

मग चर्चमधल्या मुलांच्या त्या वर्गाला न्यायला दर रविवारी काठी वाजायची. ऊन असो, चिखल असो. मार्थाबाई फाटकाच्या आत कधी आल्या नाहीत. एकदा उन्हातून आलेल्या बघून मी स्तुतीच्या हाती पाण्याचा तांब्या पाठवला, तर पोरीला म्हणाल्या, "आईला सांग, मला तहान नाय." तांब्या भरलेला परत आला. स्तुतीला विषमज्वर झाला तेव्हा तर रोज येऊन दिवसभर आमच्या कुंपणाबाहेरच्या दगडावर बसून राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, ताप उतरला का. घरात नर्स होती, तिला मात्र विचारायच्या नाहीत. लोक मला विचारायचे की म्हातारीला आत का घेत नाहीस. मी कुणाकुणाला सांगणार, तिलाच यायचं नव्हतं, आणि मीही काही पायघड्या घालून बसले नव्हते.

पोरीला गाणी त्यांनी शिकवली, प्रार्थना त्यांनी शिकवली, खोटं बोलली की कान त्यांनी पिळला. स्तुती त्यांना आजी म्हणायची. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण गावात त्या अजूनही सांगत होत्या की माझ्या निर्दोष लेकाला नर्सनं खोट्या साक्षीनं अडकवलं. शनिवारी विहिरीवर हे सांगायच्या आणि रविवारी माझ्या लेकीचं बोट धरून न्यायच्या. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

प्रभाकर सुटल्यावर गावात आला नाही. कुठे कुठे नोकऱ्या केल्या, उशिरा लग्न केलं. स्तुती दृढीकरणाच्या, म्हणजे जाणत्या वयात स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या, वर्गात बसायला लागली त्या वर्षी तो बायको आणि तान्हं पोर घेऊन आईकडे राहायला आला. केस गेलेले, मान खाली. रस्त्यात मी दिसले की तो दुसऱ्या बाजूनं जायचा. पोराचं नाव योना ठेवलं होतं. महिन्याभरात बाप्तिस्मा ठरला.

त्या रविवारी पात्र काठोकाठ भरलेलं होतं. हिवाळेसाहेबांची बदली होऊन कितीतरी वर्षं झाली होती, नवे पाळक भराभरा वाचणारे होते. त्यांनी मंडळीला प्रश्न विचारला आणि चर्च उभं राहिलं. सगळे, शमुवेलरावांसकट, खणखणीत होय म्हणून मोकळे झाले. माझ्या शेजारी स्तुतीही उभी राहून होय म्हणाली. मी एकटी बसलेली होते.

माझ्या डोळ्यांसमोर वसतिगृहातल्या त्या पोराची पाठ होती. ती पाठ मी धुतली होती, तिच्यावर मलम लावलं होतं. आता तोच माणूस खांबाजवळ उभा होता आणि त्या हातांवर ते लेकरू होतं. त्याच्यासाठी उभं राहायचं? मी समोर बघितलं. पहिल्या बाकाशी मार्थाबाईंची पाठ होती, आता वाकलेली. त्यांनी वळून बघितलं नाही. पण त्या उत्तर देऊन खाली बसल्या नव्हत्या. सगळे बसले तरी त्या उभ्याच होत्या, कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या. पाळकांनी पाण्यात हात घातला होता.

मी उठले. "होय," मी म्हटलं. "करीन."

पाळक गोंधळून थांबले. प्रभाकरनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा कुठे मार्थाबाई बाकाला धरून खाली बसल्या.

पुढच्या रविवारी चर्चच्या आधी मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. फाटक नव्हतं, म्हणून अंगणाच्या कडेला. हाक कुणाला मारायची, तान्ह्या पोराला? तरी मारली. "योना."

आत कुणीतरी खोकलं, प्रभाकर असावा. त्याची बायको दारात आली आणि मला बघून आत गेली. मग मार्थाबाई बाहेर आल्या, हातात दुपट्यात गुंडाळलेलं पोर. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या.  मग त्यांनी दुपटं सोडलं, पोराला आपल्या हातावर पालथं घेतलं आणि त्याचं झबलं मानेपर्यंत वर सरकवलं.

"बघ," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं ज्या बाईनं मला खोटारडी म्हटलं, ती हे करत होती. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी दवाखान्यात बघते तशी ती पाठ बघितली, मानेपासून कमरेपर्यंत. घामोळं होतं थोडं. बाकी साफ होती.

त्यांनी झबलं खाली केलं. 

"माझे डोळे गेलेत," त्या हळू म्हणाल्या, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "दर रविवारी येत जा. घरात मात्र यायचं नाय."

"यायचं कुणाला आहे," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी वेळेवर अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले.